आडनावाच्या जागी टिंब

खालच्या बंकवर ललन घोरतोय,
वरच्या बंकवर मी फॉर्म भरतोय.
सोहार. रात्रीचे साडेदहा. एसीचं पाणी बादलीत.

आधी आडनाव मागतात.
माझ्या पासपोर्टात सगळं एकाच ओळीत कोंबलेलं:
प्रभाकर भिकाजी तोडणकर.
आडनावाची जागा कोरी.
चोवीस वर्षांपूर्वी रत्नागिरीच्या एजंटाला जेवायला जायची घाई होती.
फॉर्म म्हणतो, कोरं चालणार नाही.
आणि खाली, लाल अक्षरांत,
नाव जुळलं नाही तर दारातूनच परत.

बाबांना मी एकदा मधून काढलं,
एकदा शेवटी बसवलं,
एकदा नुसता भि ठेवला.
होडीची फळी जोडणारा माणूस,
हलवलेलं त्यांना कधी आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोनवरची बाई म्हणाली,
आडनावाच्या चौकटीत टिंब द्या, सर.
नुसतं टिंब?
नुसतं टिंब.
दिलं. चाललं.
आम्हीही तसंच करतो, दोन पत्रे समोरासमोर आणून
आधी एक टॅक मारतो,
पुरं वेल्डिंग नंतर.

मग अनुभव. वर्षं, महिने, सही, शिक्का.
जुबैलच्या कंपनीचं शटर कधीच पडलं,
मालक कुठे आहे मालकालाच माहीत.
माझी सहा वर्षं तिथल्या पाइपांत आहेत,
वाळूखाली, अजून गळत नाहीत.
पण पाइपाला सही येत नाही.
जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या हर्षदाने गावाहून स्कॅन करून पाठवल्या.
एका चिठ्ठीवर तिच्या बारशाचा हिशेब निघाला,
पेन्सिलीचा. तोही अपलोड झाला.

डोळ्यांचा दाखला शाजीच्या दुकानात.
त्याने हातभर अंतरावर कार्ड धरलं,
सगळ्यात खालची ओळ वाचा म्हणाला.
ह्या डोळ्यांना किती रात्री आर्क लागला,
किती रात्री बटाट्याच्या चकत्या बांधून झोपलो,
ते मी त्याला सांगितलं नाही.
ओळ हलत होती. मी थांबलो.
ती थांबली.
वाचली.

फी भरायला कार्ड भाच्याचं.
बायको म्हणाली, परत मिळत नाहीत ना पैसे?
नाही.
मग पास व्हा.

आता तारीख.
कॅलेंडरवर महिनाभर राखाडी चौकोन,
मस्कतला एकच निळा: गुरुवार, सकाळी आठ.
नेमका शटडाऊनचा आठवडा.
तो निळा दोन तास मी बोटाखाली धरून ठेवला,
दर दहा मिनिटांनी पान मला बाहेर काढायचं,
मी परत आत.
सकाळी यूसुफला विचारलं.
फोरमन आहे, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
त्याने चहा संपवला, रोस्टर ओढलं,
गुरुवारच्या रकान्यातलं माझं नाव खोडून
स्वतःचं लिहिलं.
मग म्हणाला, इन्स्पेक्टर झालास की
माझे जॉइंट पहिले नापास करू नकोस.

पावती आली.
पासपोर्ट आणा. अर्धा तास आधी या.
घड्याळ, पाकीट, मोबाईल, कागद, पेन, काही नको,
रिकाम्या हाती आत यायचं.

चोवीस वर्षं ह्या हातांत काही ना काही होतंच:
होल्डर, ग्राइंडर, गावी न्यायच्या बॅगा.

बुधवारी रात्रीच्या बसआधी मी हात धुतले.
मग डिझेलने पुसले, परत साबण.
ललन उठून बघत राहिला.
नखांखालचं काळं मात्र हललं नाही.
ते आत न्यायला चालतं का,
नियमांत कुठे लिहिलेलं नाही.